जुन्या फटफटीस घरगुती डबल स्टँड

बैलगाडी सोडली म्हणजे आपण जुवाखालीं टेकण लावतों, आणि टेकण पक्कें बसल्याची खात्री झाल्यावांचून कोणीहि शहाणा शेतकरी गाडीखालीं वाकत नाहीं. हें शहाणपण आपल्यांत पिढीजात आहे. पण त्याच घरच्या ओसरींत जी जुनी मोटारसायकल उभी असते, तिच्या बाबतींत मात्र आपण तें विसरतों. ती भिंतीस टेकवून ठेवतों. साइड स्टँड चिखलांत रुतूं लागला तर त्याखालीं फरशीचा तुकडा सारतों. मागील चाक फिरवावयाचें असेल तर विटांची चवड रचतों, आणि तेवढ्यावर भरंवसा टाकून साखळींत बोटें घालतों. दीडशे किलोंहून जड असें यंत्र ज्या आधारावर उभें आहे, तो आधार कितपत खरा, याचा विचार आपण तें अंगावर आल्यानंतरच करतों.

हा लेख लिहिण्यास कारणहि तसेंच घडलें. आमच्या घरीं वडिलांच्या हातची साडेतीनशे सी. सी. ची बुलेट आहे. मध्यंतरीं ती बरींच वर्षें पडवींत पडून होती व त्या काळांत तिचा डबल स्टँड मोडीच्या लोखंडाबरोबर विकला गेला. पुढें गाडी दुरुस्त करून वापरांत आणली. पण स्टँड काय, आज ना उद्यां मिळेल, असें म्हणतां म्हणतां दोन वर्षें गेलीं. एका पावसाळ्यांत मागील चाक विटांवर चढवून साखळी साफ करणें चाललें असतां एक वीट फुटली, गाडी कलली आणि आमच्या गड्याचीं दोन बोटें साखळी व दातेरी चाक यांमध्यें सांपडलीं. बोटें वांचलीं, पण त्यांतील एक आजतागायत पुरतें वळत नाहीं. ज्याचें रोजचें काम म्हशींच्या धारा काढण्याचें, त्यास एका बोटाची किंमत काय असते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. या अपघातांत गड्याचा दोष नव्हता. यंत्र वापरावयाचें आणि त्याचा आधार मात्र उद्यांवर टाकावयाचा, हा दोष आमचा होता.

त्यानंतर आम्हीं घरींच स्टँड करविला. पहिला फसला व दुसरा साधला. पहिला कां फसला व दुसरा कशानें साधला, हें मापांसह येथें मांडण्याचा विचार आहे.

कोणत्या गाड्यांस याची गरज पडते

आपल्या खेड्यांत आज ज्या जुन्या फटफट्या दिसतात, त्यांत बुलेट, जावा, येझदी व राजदूत यांचाच भरणा अधिक आहे. बुलेट ही मूळची इंग्लंडांतील रेडिच येथील. १९५५ सालीं मद्रास येथें एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली व तेथें ती होऊं लागली. जावा ही मूळची चेक देशांतील. ती १९६१ पासून म्हैसुरास तयार होऊं लागली, व तिचीच पुढची पिढी जी येझदी, तिचा तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. राजदूत तर दुधाच्या कॅनांसह गांवोगांव फिरलेली गाडी. या बहुतेक गाड्यांस कारखान्यांतूनच डबल स्टँड येत असे. परंतु तीस-चाळीस वर्षांच्या वापरानें त्याचे कान झिजतात, स्प्रिंग तुटते, तळवे घासून जातात, आणि शेवटीं तो निघून पडतो किंवा कोणीतरी कंटाळून काढून टाकतो. त्या मापाचा सुटा भाग मिळाला तर तोच घ्यावा, हें उत्तम. मिळत नसेल, किंवा दुसऱ्याच वर्षाच्या गाडीचा मिळून तो बसत नसेल, तर मात्र घरीं करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

फार जुन्या काळीं गाड्यांस असा मधला स्टँड नसे. मागील चाकाच्या आंसाजवळ बसविलेली एक चौकट असे. ती खालीं पाडून गाडी मागें ओढली म्हणजे मागील चाक उचललें जाई, व चालतांना तीच चौकट मागील मडगार्डास अडकवून ठेवीत. पुढें ही चौकट सरकत सरकत गाडीच्या मध्याखालीं आली, तोच आजचा डबल स्टँड. मध्यावर आल्यानें गाडी कमी श्रमांत उचलतां येऊं लागली. पण त्याबरोबरच मापाचें महत्त्वहि वाढलें.

स्टँड उभा कसा राहतो

डबल स्टँड ही मुळांत एक तरफ आहे. सांगाड्याखालीं दोन कान असतात. त्यांत आडवी खीळ बसते. त्या खिळीभोंवतीं दोन पायांची चौकट फिरते. गाडी चालत असतां हे पाय मागील बाजूस आडवे दुमडलेले असतात. त्यांच्या एका अंगास पाय देण्याची एक जीभ असते. जिभेवर पाय दिला म्हणजे तळवे जमिनीस टेकतात. या वेळीं ते खिळीच्या मागें असतात. जिभेवर भार वाढविला कीं गाडी तळव्यांवरून वर चढत मागें सरकते, सर्वांत उंच जागा ओलांडते, आणि पलीकडे किंचित् खालीं उतरून बसते. आतां तळवे खिळीच्या थोडे पुढें आलेले असतात. यापुढें पाय सरकूं नयेत म्हणून एक लोखंडी अटकाव सांगाड्यास येऊन भिडतो. गाडीचें वजनच पायांना त्या अटकावावर दाबून धरतें, म्हणून स्टँड आपोआप दुमडत नाहीं.

यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं सर्व खुबी तीन गोष्टींत आहे: पायांची लांबी, तळवे खिळीच्या किती पुढें यावेत तें अंतर, आणि अटकावाची मजबुती. लोखंड किती जाड, रंग कोणता, या गोष्टी मागाहूनच्या आहेत. आम्हीं पहिल्या खेपेस नेमकें उलट केलें.

पहिला प्रयत्न

पहिल्या वेळीं आम्हीं गाडी दोन्ही चाकांवर उभी करून खिळीपासून जमिनीपर्यंत माप घेतलें. तें ९ इंच भरलें. मागील चाक इंचभर उचलावें म्हणून त्यांत एक इंच मिळविला व दहा इंची पाय करविले. स्टँड लावला, गाडी चढविली, तों मागील चाक जमिनीस टेकलेलेंच! कारण असें कीं जमिनीवर उभ्या गाडीच्या मागील स्प्रिंगा तिच्याच वजनानें दबलेल्या असतात. सांगाडा वर उचलला म्हणजे त्या मोकळ्या होऊन चाक खालीं सोडतात. या सुटण्याचा हिशेब आम्हीं धरलाच नव्हता.

मग रागाच्या भरांत पाय एकदम साडेअकरा इंचांचे करविले. आतां चाक खुशाल उचललें गेलें. पण गाडी चढवावयास दोन माणसें लागूं लागलीं. त्यांतच अटकाव म्हणून दोन सूत जाडीचा एक लहानसा तुकडा आम्हीं एकाच बाजूनें जोडावयास सांगितला होता. आठ दिवसांनीं स्टँडवर उभ्या गाडीवर घरांतील एक मुलगा चढून बसला, तोंच तो तुकडा तुटला. पाय पुढें निसटले व गाडी खालीं बसून एका अंगास पडली. मुलगा दुसऱ्या अंगास उडी मारून वांचला. जोडणाऱ्या कारागिराकडे बोट दाखविण्यासारखें यांत कांहीं नव्हतें. आम्हीं सांगितलें तसें त्यानें केलें होतें.

हा प्रकार आमच्या वस्तीवरचे वृद्ध सुतारमामा पाहत होते. ते म्हणाले, "अण्णा, तिफणीचा दांता बसवतांना मीसुद्धां आधीं काटकी लावून बघतों. तुम्हीं तर एकदम लोखंडच कापलंत. लाकूड चुकलं तर चुलींत जातं. लोखंड चुकलं तर अंगावर येतं." दुसरा स्टँड त्यांच्याच सांगण्याप्रमाणें आधीं लाकडाचा झाला.

माप कसें घ्यावें

फरसबंद किंवा चोपून सपाट केलेल्या जागीं गाडी घ्यावी. दोन माणसांनीं धरून इंजिनखालच्या मजबूत भागास लाकडी ठोकळे देत सांगाडा इतका उचलावा कीं मागील चाक जमिनीपासून एक इंच सुटेल. चाकाखालीं फळी घालून तें उंच करूं नये. तसें केल्यास स्प्रिंगा दबलेल्याच राहतात व आमच्या पहिल्या चुकीची पुनरावृत्ति होते. या स्थितींत खिळीच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. आमच्या गाडीस ती सव्वादहा इंच भरली. म्हणजे नुसत्या उभ्या गाडीपेक्षां सव्वा इंच अधिक.

आतां खिळीच्या मध्यावरून ओळंबा सोडून तो जेथें जमिनीस लागेल तेथें खूण करावी, व त्या खुणेच्या पुढें, म्हणजे पुढील चाकाच्या बाजूस, पावणेदोन इंचांवर दुसरी खूण करावी. तळवा येथें टेकावयाचा. खिळीपासून या दुसऱ्या खुणेपर्यंतचें तिरपें अंतर हीच पायाची खरी लांबी होय. आमच्या मापानें ती १० इंच ३ सूत आली. आठ सूत म्हणजे एक इंच, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

हें पावणेदोन इंचांचें अंतर मनास येईल तसें बदलूं नये. तें अर्ध्या इंचावर आणलें तर गाडी शिखरावरच उभी राहिल्यासारखी होते, व मागून जरा धक्का लागला कीं उतरते. तें तीन-चार इंच केलें तर गाडी उतरवितांना तितकेंच श्रम पडतात व अटकावावरील दाबहि वाढतो. आमच्या मापानें गाडी शिखर ओलांडून सुमारें एक सूत खालीं बसते. तेवढें बसणें हाताला स्पष्ट कळतें.

या मापाचे दोन पाय बाभळीच्या किंवा सागाच्या पट्टीचे करून, मध्यें आडकाठी ठोकून, खिळीच्या जागीं बोल्ट घालून पाहावेत. या लाकडी नमुन्यावर गाडी चढवूं नये. ती ठोकळ्यांवर असतांनाच नमुना मागें-पुढें फिरवून तो सायलेन्सर, साखळी व ब्रेकची दांडी यांस लागतो काय, दुमडल्यावर कोठें बसतो, अटकाव कोठें भिडवावा, हें सर्व खडूनें खुणा करून ठरवावें. आमचा नमुना पहिल्याच फेरींत सायलेन्सरला लागला. लोखंडांत ही चूक दुरुस्त करावयास अर्धा दिवस गेला असता. लाकडांत रंध्याचे चार हात पुरले.

श्रमाचा हिशेब

एक इंचानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. म्हणून थोडा हिशेब देतों. गाडीचें वजन १६५ किलो धरूं. दोन्ही आंसांमधील अंतर ५४ इंच, व भार दोन्ही चाकांवर सारखा धरल्यास भाराचा मध्य पुढील आंसापासून २७ इंचांवर येतो. आमच्या गाडींत खीळ पुढील आंसापासून ३४ इंचांवर आहे. मागील चाक सुटलें म्हणजे भार पुढील चाक व खीळ या दोहोंवर राहतो. म्हणून खिळीवर १६५ ला २७ नें गुणून ३४ नें भागिलें असतां येणारा, म्हणजे सुमारें १३१ किलो भार येतो.

सर्वांत कठीण क्षण मागील चाक जमीन सोडतें तेव्हांचा. १० इंच ३ सुतांच्या पायांत त्या वेळीं तळवे खिळीच्या ओळंब्यामागें सुमारें ४ इंच असतात. १३१ ला ४ नें गुणिलें कीं ५२४ येतात. जीभ तळव्याच्या ८ इंच मागें असेल व तिच्यावर ६५ किलोंचा माणूस आपला सर्व भार देईल, तर ६५ गुणिले ८, म्हणजे ५२० होतात. तराजू जवळजवळ सम झाला. हातानें थोडें वर ओढलें कीं गाडी चढते. परंतु पाय एक इंचानें लांब असेल, तर त्याच क्षणीं तळवे सुमारें ६ इंच मागें असतात, आणि १३१ गुणिले ६, म्हणजे ७८६ होतात. एका इंचानें श्रम दीडपट झाले! आम्हांस दोन माणसें कां लागत होतीं, याचें उत्तर या गुणाकारांत आहे. दांडगाईनें गाडी ओढून कंबर धरून बसणारे जे कित्येक असतात, त्यांच्या दुखण्याचें मूळहि बहुधा असल्याच कोठल्यातरी मापांत सांपडेल.

साहित्य व जोडकाम

पायांसाठीं आम्हीं एक इंची, जाड जातीचा, ज्यास बाजारांत 'सी क्लास' म्हणतात, तो काळा पाइप घेतला. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप घरांत पडलेला असतो, म्हणून तोच घेण्याचा मोह होतो. पण तो वेल्डिंगच्या आंचेवर धरला म्हणजे जस्ताचा पांढरा धूर निघतो व त्यानें कांहीं तासांनीं हुडहुडी भरून ताप येतो. तसा पाइप वापरणेंच झालें तर जोडाच्या दोन्ही बाजूंस मुलामा पुरता घासून काढावा व काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करतां, धूर तोंडावर येणार नाहीं असें उभें राहून करावें.

दोन्ही पाय वर खिळीच्या नळीस जोडून खालीं फांकलेले असावेत. तळव्यांमध्यें ११ इंच अंतर आम्हांस पुरें वाटलें. त्याहून फांकट केल्यास वळणावर गाडी कलतांच तळवा रस्त्यास घासण्याचा संभव असतो. मध्यें एक आडवा पाइप द्यावा, म्हणजे पाय फांकत नाहींत. खिळीच्या नळींत पोलादी बुश घालावा व अर्धा इंची मजबूत बोल्ट असा निवडावा कीं बुशांत त्याचा गुळगुळीत भागच येईल; आटे बुशांत फिरूं लागले तर थोड्याच दिवसांत भोंक मोठें होतें. नटास पिन घालावी व ग्रीस द्यावें. कानांचीं भोंकें झिजून लांबट झालीं असतील तर आधीं तींच नीट करावीं. डगमगत्या खिळीवर उत्तम स्टँडहि डगमगतोच.

काळ्या जमिनीवाल्यांनीं तळव्यांकडे विशेष लक्ष द्यावें. नुसत्या पाइपाचें तोंड जमिनीवर टेकलें तर सारा भार अर्ध्या-पाऊण चौरस इंचावर येतो व पावसाळ्यांत पाय खुंटीसारखा आंत जातो. प्रत्येक पायाखालीं ३ इंच लांब, २ इंच रुंद व दोन सूत जाड अशी पट्टी, कडा थोड्या वर वळवून, जोडली म्हणजे तोच भार सहा चौरस इंचांवर पसरतो; दाब जवळजवळ दशांशावर येतो.

वेल्डिंग नेहमीं स्टँड गाडीपासून वेगळा ठेवूनच करावें. कांहीं कारणानें गाडीवरच टांका मारणें भाग पडलें, तर पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी, बॅटरीच्या तारा सोडाव्या, व वेल्डिंगचा परतीचा चिमटा कामाच्या अगदीं जवळ लावावा. नाहींतर वीज चाकांच्या बेअरिंगांतून वाट काढते व तीं खराब होतात. जुन्या इंग्रजी धाटणीच्या सांगाड्यांचे सांधे पुष्कळदां पितळी झाळीनें जोडलेले असतात. त्यांच्याजवळ तीव्र आंच देणें म्हणजे सांगाड्याचेंच हाड ढिलें करणें होय. म्हणून नवे कान बसवावयाचे असतील, तर सांगाड्यास दोन बाजूंनीं कवळणाऱ्या पट्ट्या करून त्या बोल्टांनीं आवळाव्या. यांत मूळ सांगाडाहि अभंग राहतो.

या शेवटच्या मुद्द्यास एक कायद्याचें अंगहि आहे. १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे २०२१ सालीं केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या व मूळ रूपांत राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठीं 'व्हिंटेज' या नांवाची निराळी नोंदणी सुरू केली. ज्यांस ती करावयाची असेल त्यांनीं सांगाड्यांत फेरफार करूं नये. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामासाठीं रस्त्यावर काढतां येत नाहीं, हेंहि आधींच ध्यानांत घ्यावें.

अटकाव आणि स्प्रिंग

आमच्या मतें स्टँडमधील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अटकाव. तळवे खिळीच्या पावणेदोन इंच पुढें असतांना खिळीवरील १३१ किलोंचा भार पायांना पुढें ढकलतो. अटकाव खिळीपासून दोन इंचांवर भिडत असेल, तर त्याजवर सुमारें ११५ किलोंचा दाब सतत असतो. गाडीवर कोणी बसलें तर तो आणखी वाढतो. आमचा पहिला तुकडा कां तुटला हें यावरून उघड होतें. दुसऱ्या वेळीं आम्हीं तीन सूत जाडीची पट्टी घेतली, ती दोन्ही बाजूंनीं पूर्ण जोडली, व दोन्ही पायांस एकेक असे दोन अटकाव दिले. सांगाड्याच्या ज्या नळीवर ते भिडतात, तेथें खोगिरासारखी वळविलेली एक पट्टी बसविली, म्हणजे दाब एका बिंदूवर येऊन नळी चेपत नाहीं.

स्प्रिंगेचें काम वरकरणी क्षुल्लक दिसतें. पण उभ्या गाडीचा प्राण जसा अटकावांत, तसा चालत्या गाडीचा प्राण स्प्रिंगेंत असतो. वेगांत असतां स्टँड खालीं पडला व खड्ड्याच्या कडेस किंवा रुळास अडकला, तर चालवणारा फेंकलाच जातो. स्प्रिंगेचें एक टोंक सांगाड्यास व दुसरें पायास असें अडकवावें कीं पाय दुमडलेले असतां तिची ओढ खिळीच्या एका बाजूनें जाऊन पायांना वर धरील, आणि पाय उभे असतां ती ओढ खिळीच्या दुसऱ्या बाजूस जाऊन त्यांना पुढें धरील. स्प्रिंग एका जागीं नीट ओढते व दुसऱ्या जागीं ढिली पडते असें दिसल्यास अडकवण्याची जागा चुकली असें समजावें. एकाऐवजीं दोन स्प्रिंगा लावाव्या, म्हणजे एक तुटली तरी दुसरी घरापर्यंत पोंचविते. सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून कित्येक जण महिनोन्महिने फिरतात. ती रस्त्यावर अडल्यावेळची सोय आहे, कायमची नव्हे. दुमडलेला पाय जेथें टेकतो तेथें मात्र जुन्या टायरचा तुकडा जरूर बसवावा. खडखड थांबते व रंग वांचतो.

परीक्षा घेतल्यावांचून भरंवसा नको

स्टँड तयार झाल्यावर प्रथम तो टांक्यांनींच जोडून गाडीस लावून पाहावा. मापें जुळलीं म्हणजे मग पक्का जोड द्यावा. त्यानंतर आम्हीं पुढीलप्रमाणें परीक्षा घेतली. गाडी पन्नास वेळां चढविली व उतरविली. मग स्टँडवर असतां सीटवर धान्याचें ५० किलोंचें पोतें ठेवून रात्रभर तशीच उभी केली, व सकाळीं अटकावाच्या जोडांस बारीक चीर गेली आहे काय तें पाहिलें. मग दोन माणसांनीं बसून, स्प्रिंगा पूर्ण दबल्या असतां, दुमडलेला स्टँड सर्वांत खालीं लोंबत नाहीं ना, हें पाहिलें. शेवटीं गाडीवाटेनें तीन मैल गाडी पिटाळून परत आल्यावर प्रत्येक नट हातानें चांचपला. एक नट अर्धा फेरा ढिला झाला होता. त्यास पिन घालावयाची राहून गेली होती. ती परीक्षा घेतली नसती तर तो नट पुढें कोठें पडला असता, कोण जाणे.

वापरतांना

गाडी चढवितांना ती न्यूट्रलमध्यें असावी व ब्रेक दाबलेला नसावा, कारण चढतांना ती मागें सरकते. एक हात मुठीवर व एक मागील दांडीवर ठेवून, जिभेवर पायाचा सर्व भार द्यावा. हातांनीं नुसता तोल सांभाळावा. दोन्ही तळवे जमिनीस एकदम लागल्याखेरीज जोर करूं नये. उतारावर उभी करणें भागच पडलें तर गाडीचें तोंड चढाकडे असावें. उताराकडे तोंड असेल तर ती पुढें सरकून स्टँडवरून उतरूं शकते. दुधाचे कॅन उतरवून मगच गाडी चढवावी. चाळीस लिटरच्या एका कॅनांत दूधच ४१ किलोंच्या आसपास असतें. असे दोन कॅन लादून गाडी उचलणें हें कमरेलाहि अन्याय आहे आणि अटकावालाहि.

आणि ज्यामुळें हा लेख लिहावा लागला ती गोष्ट. चाक अधांतरीं असतां इंजिन चालू करून, चाक फिरत असतांना साखळीस फडकें लावण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं दिसते. ती अत्यंत घातक आहे. फडकें एकदां दातेरी चाकांत गेलें म्हणजे त्यामागून हात जातो. ओढून घ्यावयास सवड मिळत नाहीं. इंजिन बंद ठेवावें, चाक हातानें फिरवावें, आणि साखळीच्या मोकळ्या भागावर तेल द्यावें. स्टँड कितीहि उत्तम असला तरी तो गाडीस आधार देतो, अविचारास देत नाहीं.

आमचा दुसरा स्टँड आज चार पावसाळे पाहून उभा आहे. त्यास एकंदर दोन दिवस व घरांतलें-बाजारांतलें मिळून थोडेंसें लोखंड लागलें. हेंच काम दोन वर्षें आधीं केलें असतें तर एका गरीब माणसाचें बोट आज सरळ वळतें, ही रुखरुख मात्र कोणत्याहि स्टँडनें जाणारी नाहीं. ज्या बंधूंच्या पडवींत अशी एखादी फटफटी विटांवर उभी असेल, त्यांनीं हा अंक वाचून बाजूस ठेवण्यापूर्वीं एकदां तेथवर जावें आणि त्या विटा हलवून पाहाव्या, एवढीच आमची विनंती आहे. तसेंच जावा, येझदी किंवा राजदूत या गाड्यांस असा स्टँड ज्यांनीं स्वतः केला असेल, त्यांनीं आपलीं मापें अवश्य कळवावीं. तीं इतरांच्या उपयोगीं पडतील.